टिटवी का आपटली

१

टिटवी पडली तेव्हा तिचा वेग पुरेसा होता, असं तिची वैमानिक म्हणत होती. वेग पुरेसा असता तर ती पडलीच नसती, असं बाकी सगळे म्हणत होते.

टिटवी म्हणजे दोन माणसांचं छोटं विमान. दिंडोरीजवळ शेखर उगले नावाच्या इंजिनिअरनं आपल्या द्राक्षबागेतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये ते स्वतः रेखाटलं आणि स्वतः बांधलं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, डोक्यावरून जाणारे पंख, पुढे एक चाक आणि मागे दोन. बागेलगतच्या मुरुमाच्या पट्टीवरून उठायचं आणि तिथेच उतरायचं. चाचणीची पहिली उड्डाणं छान झाली. दसऱ्यानंतरच्या उड्डाणात मात्र ती उतरता उतरता घराएवढ्या उंचीवरून धाडकन खाली बसली. पुढचं चाक मोडलं, नाक द्राक्षाच्या शेवटच्या ओळीत घुसलं आणि वैमानिक हर्षाली बोरस्तेच्या पाठीचा मणका दबला.

मी उज्वला गांगुर्डे. विमानं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, मी लोकांची मोडलेली विमानं बघते. नातवंडं पुण्याला आहेत, आणि विमानं निदान उलट उत्तर देत नाहीत.

शेखरचा भागीदार दीपक मोगल नाशिकला माझ्या घरी आला. पिंपळगाव बसवंतला त्याचं कोल्ड स्टोरेज आहे. भारी घाईचा माणूस. चहा येईपर्यंत त्यानं अहवाल माझ्यापुढे ठेवलाही होता. 'वैमानिकाने पुरेसा वेग राखला नाही,' आणि खाली माझ्या सहीची जागा.

"सगळं तपासलं, मॅडम. वेगाचा काटा बरोबर, उंचीचा काटा बरोबर, इंजिन बरोबर. मग उरलं कोण?"

"पोरगी," मी म्हणाले.

"मला काय आनंद होतोय का? हे बघा."

त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. टिटवी नाक वर करून, अगदी रेंगाळत येत होती. बघणाऱ्यालाही भीती वाटावी इतकी हळू. मग ती खाली बसली. मी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, कारण एक गोष्ट मला आवडली होती. वेग संपलेलं विमान बहुतेक वेळा एक पंख टाकतं आणि कलंडतं. टिटवी कलंडली नाही, सपाट बसली. रेखाटणाऱ्याचं डोकं जागेवर होतं.

"सही नंतर करते. आधी त्या मुलीला भेटते."

"कशाला मॅडम उगाच हेलपाटा?" दीपकनं मोबाइल खिशात घातला. "तिनं काल कबूल केलंय."

२

नाशिकच्या इस्पितळात हर्षाली पाठीला पट्टा बांधून पडली होती. निफाडच्या शेतकऱ्याची मुलगी, वय पंचविशीच्या आसपास.

"कबूल केलंस म्हणे?"

"मी म्हटलं, चुकले असेन. सगळेच म्हणतायत तर." ती छताकडे बघत होती. "दिवाळीनंतर एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायला जाणार होते. ते या अहवालासाठी थांबलेत. चूक माझी निघाली तर तिथेच काय, कुठेच कुणी मला विमानात बसवणार नाही. तेही सोसेन एक वेळ. पण मॅडम, मी काटा खरंच बघितला होता का? आता माझी मलाच खात्री वाटेना."

मला राग आला. कुणाचा ते तेव्हा कळत नव्हतं. दबलेला मणका भरून येतो. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला तर वैमानिक संपला.

"पहिल्यापासून सांग. विमानाजवळ गेलीस तिथपासून."

"नेहमीसारखी फेरी मारली. पंख, चाकं, शेपूट, इंधन, सगळं बघितलं. नमस्कार केला आणि बसले."

"मग?"

"चढताना ती जड वाटली. काटा वेग कमी दाखवत होता, म्हणून मी नाक जरा खाली धरलं. तरी वेग कमीच. आणि वाऱ्याचा आवाज मात्र जोरात. मला वाटलं, शेखरदादांचं गणितच चुकलंय, हिच्यात चढायचा जोर नाही."

"वर गेल्यावर?"

"वर सगळं छान. सरळ उडताना हवा तसा वेग. फक्त..." ती थांबली. "तुम्ही हसाल."

"मी फार कमी हसते."

"मी सरळ केलं तरी उंचीचा काटा थोडा वेळ वर सरकतच राहिला. म्हटलं, मीच नीट धरलं नाही."

"आणि उतरताना?"

"तेव्हा वेग जास्त दिसायला लागला. म्हणून नाक उचलून तो हवा तिथे आणला. एकदम शांत होतं, मॅडम. वाऱ्याचा आवाजच नाही. मला वाटलं, आज किती छान उतरतेय मी." तिनं डोळे मिटून घेतले.

मी जिना उतरून खाली आले आणि रिक्षात बसले. चढताना कमी, सरळ उडताना बरोबर, उतरताना जास्त. माणसाला इतकं शिस्तीत खोटं बोलता येत नाही. इतक्या शिस्तीत खोटं बोलणारी एकच गोष्ट मला माहीत होती, आणि ती टिटवीच्या कुशीत होती.

३

हे जरा समजावून सांगते. हवेत विमानाचा वेग चाकावर मोजता येत नाही, हवेवरच मोजावा लागतो. पंखाखाली पुढे तोंड केलेली एक नळी असते, तिच्यात समोरची हवा घुसते. आणि विमानाच्या कुशीला एक बारीक छिद्र असतं, त्यातून भोवतालच्या हवेचा दाब आत येतो. या दोन दाबांतला फरक म्हणजे वेग. उंचीचा काटा तर नुसत्या छिद्रावरच चालतो.

छिद्र पार बुजलं तर काटे इतके वेड्यासारखे वागतात की उठल्या उठल्या कळतं. पण अर्धवट बुजलं आणि हवा हळूहळू झिरपत राहिली, तर काटे रेंगाळतात. विमान वर चढतं, आत अजून खालची दाट हवा असते, वेग कमी दिसतो. सरळ उडालं की झिरपून झिरपून सगळं जुळतं. उतरायला लागलं की आत वरची विरळ हवा उरलेली असते, आणि वेग असतो त्याहून जास्त दिसतो. पोरीनं जास्तीचा वेग कमी केला. तो जास्तीचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी दिंडोरीला गेले. बागेत छाटणी चालली होती. टिटवीला ओढून शेडमध्ये आणलं होतं. शेखर उगले चाळिशीचा, दाढी वाढलेला. पंखाबद्दल विचारलं तेव्हा तेवढा तो बोलला.

"टोकाकडे जाताना पंखाला थोडा पीळ दिलाय. वेग संपला तर मुळाशी हवा आधी सुटते, टोकं शेवटपर्यंत धरून राहतात. म्हणून ती कलंडत नाही."

"त्या पिळानं मुलगी वाचली."

"हो," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला.

मी टिटवीच्या डाव्या कुशीशी गेले. छिद्राभोवती लाल गोल रंगवलेला होता आणि वर इंग्रजीत सूचना, हे झाकू नये. अंगावर बागेतला चिखल वाळला होता, वेलींवर मारलेल्या बोर्डो औषधाचे निळे शिंतोडे होते. छिद्राभोवती मात्र तळहाताएवढी जागा लख्ख होती. विमान पडल्यानंतर कुणीतरी ती जागा पुसली होती.

काटे आणि नळ्या बसवणारा मेकॅनिक म्हणजे रोहित निकम. मी त्या जागेकडे बघतेय हे बघून तो तडकला.

"मॅडम, माझ्या नळ्या चेक करा ना, फुंकर मारून बघा. सगळ्या क्लिअर आहेत."

"आज आहेत. हर्षालीशी तुझं भांडण झालं होतं म्हणे?"

"झालं होतं. तिनं माझं काम दोन वेळा उकलून परत करायला लावलं. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला." मग त्याला एकदम काहीतरी उमगलं. "कुणी मुद्दाम बुजवलं होतं का? मॅडम, सगळे माझंच नाव घेतील."

"आधीच्या उड्डाणात काटे ठीक होते. मधे विमानाला काय झालं?"

"काही नाही. दसऱ्याची सुट्टी होती."

शेखरला विचारलं, तोही म्हणाला, काही नाही. दीपकला फोन केला, त्याचंही तेच. तिघांनीही जराही न अडखळता सांगितलं, आणि त्यातले दोघं तरी खरं बोलत होते याबद्दल मला शंका नव्हती.

चहा यायचा होता म्हणून मी शेडमध्ये हिंडत होते. ट्रॅक्टरच्या बॉनेटला वाळलेली झेंडूची माळ आणि कुंकवाची बोटं. फवारणीच्या ब्लोअरला कुंकू, वजनकाट्याला कुंकू, ड्रिल मशीनला, कंप्रेसरला, अगदी छाटणीच्या कात्र्यांनाही. आमच्या घरी ही पूजा नसते. दसऱ्याला मी पांढरी साडी नेसून त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी असते, बाबासाहेबांना वंदन करायला. त्यामुळे त्या खुणा मला दिसल्या. रोज तिथे वावरणाऱ्यांच्या नजरेला त्या दिसतच नव्हत्या.

मी पुन्हा टिटवीपाशी आले. नाक बघितलं, नाकावरचा फिरता पंखा बघितला, चाकं बघितली. त्या शेडमधल्या प्रत्येक यंत्राला कुंकू होतं. जिच्यावर सगळ्या घराचा जीव, त्या एकट्या टिटवीला नव्हतं.

४

दीपकला पुन्हा फोन लावला आणि तोच व्हिडिओ सुरुवातीपासून अख्खा मागवून घेतला. यावेळी मी तिचं पडणं बघितलं नाही, उठायच्या आधीचा भाग बघितला. टिटवी पट्टीवर उभी होती. तिच्या नाकावर लाल बोटं स्पष्ट दिसत होती.

"दीपक, ती पडल्यावर पहिल्यांदा कोण पोचलं?"

"आम्ही तिघंही धावलो. रोहितनं आणि मी हर्षालीला गाडीत घातलं आणि नाशिकला निघालो."

"आणि शेखर?"

"तो विमानापाशी थांबला. कुणीतरी थांबायला हवंच होतं ना, मॅडम."

शेखर शेडच्या दारात उभा होता. माझ्या हातातला मोबाइल त्यानं बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बागेत निघून गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. मला आधी दुसऱ्याच माणसाला भेटायचं होतं.

५

शेडच्या मागेच घर. शेखरच्या आई, सगुणाबाई, चहाचे कप घेऊन ओट्यावर आल्या. सत्तरीच्या, काटक.

"मावशी, दसऱ्याला शेडमध्ये पूजा कोण करतं?"

"कोण करनार? मीच. मालक होते तवापासून मीच करते. आधी औताची केली, मंग ट्रॅक्टर आला त्याची केली. औंदा टिटवी."

"टिटवीची पण?"

"सगळ्यात आधी तिचीच! बाकीचे समदे भुईवर चालत्यात. तिला वर जायचंय, तिला नको का?"

"कुंकू कुठे कुठे लावलं?"

"नाकाला लावलं, पंख्याला लावलं. अन् कुशीला शेखरनं तांबडा गोल काढूनच ठेवलाय, त्याच्या मधोमध लावलं. तिथं बारीक खड्डा बी हाय. मला वाटलं, पूजेसाठीच ठेवलाय पोरानं. दुसरीकडं अक्षदा टिकत नाय, पडती. तिथं कशी नीट बसली. ओल्या कुंकवात भिजवून अंगठ्यानं दाबली." त्यांनी अंगठा हवेत दाबून दाखवला.

ओलं कुंकू आणि तांदळाचा दाणा. वाळल्यावर ते घट्ट बसलं असणार आणि कडेनं हवा तेवढी झिरपत राहिली असणार. मी हातातला कप खाली ठेवला.

त्या जवळ सरकल्या. "बाई, एक इचारू का? तुम्ही शिकलेल्या. त्या दिसापासून शेखर माझ्याशी धड बोलत नाय. मान वर करून बघत सुदीक नाय. पूजेत माझं काय चुकलं असंल का?"

मोठमोठ्या साहेबांसमोर मी तोंडावर उत्तरं दिलेली आहेत. या बाईंसमोर मात्र "चहा छान झालाय, मावशी," म्हणाले आणि उठले. पळाले म्हणा हवं तर.

६

शेखर बागेच्या टोकाला, जिथे टिटवी घुसली होती त्या मोडक्या ओळीत बसला होता. मी आतापर्यंत त्याला अहो-जाहो करत होते. ते आता जमेना.

"आईला तू सांगणार की मी?"

"दाणा तिथेच होता, मॅडम. आईच्या अंगठ्याचा ठसाही. मी ओल्या फडक्यानं पुसलं, टाचणीनं छिद्र मोकळं केलं. मग पूजेचा विषयच निघू नये म्हणून नाकावरचं, पंख्यावरचंही पुसलं."

"तिथेच सापडलास. छिद्राजवळचं तेवढंच पुसलं असतंस तर मी अजून रोहितच्या मागे असते."

"आईला कळलं तर ती अन्न सोडील. त्या मुलीच्या पाठीचं पाप तिच्या डोक्यावर कसं ठेवू?"

"म्हणून तू ते त्या मुलीच्याच डोक्यावर ठेवलंस. ती तिकडे पडून स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतेय. तुझी आई इकडे स्वतःच्या पूजेवर संशय घेतेय, कारण तू तिच्याशी बोलत नाहीस. दोघींनाही खरं ठाऊक नाही. तुला एकट्याला ठाऊक आहे."

त्यानं तोंड झाकून घेतलं. मला त्याची दया आली, पण मी थांबले नाही.

"शेखर, वैमानिक कधीतरी चुकणार हे धरून तू पंखाला पीळ दिलास. फार सुंदर काम आहे ते. मग आई दसऱ्याला पूजा करणार, हे का नाही धरलंस? या शेडमध्ये रोज येणारी बाई इंग्रजी वाचत नाही. तिच्यापुढे तू लाल गोल काढलास आणि मधे एक ठिपका ठेवलास. आपल्याकडची कुठली बाई तिथे कुंकू लावणार नाही?"

"अहवालात काय लिहाल?"

"झालं ते. छिद्र कसं बुजलं, आणि नंतर कुणी पुसलं."

तो उठला आणि घराकडे गेला. मी ओट्यापासून लांब, ट्रॅक्टरपाशी उभी राहिले. मग सगुणाबाई बाहेर आल्या. धुतलेलं लुगडं नेसलेल्या, चेहरा अगदी कोरडा.

"मला पोरीकडं न्या," त्या म्हणाल्या.

इस्पितळात त्या खाटेपाशी उभ्याच राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "पोरी, माझ्या अंगठ्यानं पडलीस गं तू," म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. कुठं लावलं, कसं दाबलं, काही न लपवता. शेखर मागे उभा होता. पुसलं मी, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काटा मी बघितला होता," ती हळूच म्हणाली. "बरोबर बघितला होता." आणि मग ती रडली. मला हायसं वाटलं. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात तिनं सगुणाबाईंचा हात धरला.

"आजी, एक माझंही राहिलंय. फेरी मारताना मी ते कुंकू बघितलं होतं. तिथे काही असता कामा नये, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. पण कुंकू कसं पुसायचं? मला पुसवलं नाही. नमस्कार केला आणि बसले."

मी तिच्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं, मॅडम? आता कळतंय. तेही लिहा अहवालात."

मी तेही लिहिलं. दीपकनं अहवाल वाचला, कुरकुर केली, आणि आपल्या सहीची जागा शोधून सही केली. फ्लाइंग स्कूलवाल्यांनी तो वाचून हर्षालीला फोन केला. जी मुलगी स्वतःची चूक स्वतःहून लिहायला लावते तिची जागा आम्ही पाठ बरी होईपर्यंत राखून ठेवतो, असं म्हणाले.

पुढच्या दसऱ्याला मी लेण्यांवरून थेट दिंडोरीला गेले, तशीच, पांढऱ्या साडीत. दुरुस्त झालेली टिटवी पट्टीवर उभी होती. शेखरनं छिद्राला टोपण केलं होतं, त्याला हातभर भगवी फीत लावली होती आणि गोलाशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत सूचना लिहिली होती. पूजेसाठी नाकावर पितळेची छोटी पट्टी बसवली होती. सगुणाबाईंनी तिथे कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. उठायच्या आधी रोहितनं माळ काढून ठेवली.

हर्षालीनं फेरी सुरू केली. सगुणाबाई ताट घेऊन तिच्या मागोमाग चालत होत्या. कुशीशी येऊन हर्षालीनं टोपण काढलं, आणि तेवढ्यात वाऱ्यानं ताटातलं चिमूटभर कुंकू उडून लाल गोलावर बसलं. छिद्रात गेलं नव्हतं, पण बोटभर अंतरावरच होतं. हर्षाली थबकली. आम्ही सगळेच थबकलो.

सगुणाबाईंनी ताट खाली ठेवलं, रोहितच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि तिच्या हातात दिलं.

"पूस," त्या म्हणाल्या. "तूच पूस, माझ्यासमोर."

हर्षालीनं पुसलं, नमस्कार केला आणि बसली.